औषधास न जुमानणारी जखम

ऊसतोडीत लागलेला कोयत्याचा घाव, चिखलणीत पायात रुतलेला काटा किंवा बैलाच्या शिंगाचा ओरखडा शेतकऱ्यास नवा नाही. साबण व स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने झाकल्यास अशा बहुतेक जखमा भरून येतात. धनुर्वाताची लस मात्र टोचून घ्यावी. परंतु काही जखमा चिघळतात, भोवतालची कातडी लाल व गरम होते, आत पू साठतो आणि दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी उतार पडत नाही. असे का होते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

अशा पुवाच्या मुळाशी बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जंतू असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. सुमारे एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात तो निरुपद्रवी राहतो. कातडी फाटली की आत शिरतो. पेनिसिलिन नवे होते तेव्हा त्याने हा जंतू सहज मरत असे. पुढे त्या औषधाचा नाश करणारे जंतू वाढले. त्यांच्यासाठी मेथिसिलिन काढण्यात आले. पण १९६१ सालीच त्यासही दाद न देणारे जंतू इंग्लंडात आढळले. औषध ज्या जागी चिकटावयाचे ती जागाच या जंतूंत बदललेली असते. त्यामुळे पेनिसिलिनच्या कुळातील जवळजवळ सर्व औषधे त्यांच्यापुढे निकामी ठरतात.

कपाशी पिकविणाऱ्यास हे नवल वाटू नये. बी.टी. कपाशीवर गुलाबी बोंडअळी येत नाही असा भरवसा होता. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिनेच बोंडे पोखरली. नाजूक अळ्या मेल्या, तग धरणाऱ्या उरल्या व त्यांचीच वीण वाढली. जंतूंचेही तसेच होते. मात्र अळीच्या एका पिढीस महिनाभर लागतो, तर जंतू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात. म्हणून दोन गोळ्यांनी बरे वाटताच उरलेल्या शेजाऱ्यास देणे हा उपकार नव्हे.

गळू झाल्यास पहिला उपचार गोळी नसून, डॉक्टरांकडून चिरा देऊन पू काढविणे हा होय. साठलेल्या पुवात रक्त फिरत नाही, त्यामुळे औषधही नीट पोहोचत नाही. घरी दाबून पिळू नये. चुना, तंबाखू, शेण लावू नये. शक्य तर औषध सुरू करण्यापूर्वीच पुवाचा नमुना तपासणीस द्यावा. कोणते औषध लागू पडेल हे दोन-तीन दिवसांत कळते. रोग सौम्य असल्यास डॉक्टर पोटात घेण्याचे डॉक्सिसायक्लिन किंवा को-ट्रायमोक्साझोल देतात. रोग खोल गेला असल्यास व्हँकोमायसिन शिरेतून द्यावे लागते. ते तासभर तरी सावकाश सोडावयाचे असते व मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. लिनेझोलिड गोळीच्या रूपानेही मिळते, परंतु ते दोन आठवड्यांहून अधिक चालल्यास दर आठवड्यास रक्त तपासावे लागते. ही औषधे स्वतःच्या मनाने घेण्याची नव्हेत.

कार्यकर्त्यांनी लाल भागाच्या कडेने पेनाने रेघ काढून ठेवावी. लाली रेघेबाहेर गेली, थंडी वाजून ताप आला, जखमेच्या मानाने वेदना फारच अधिक असली, कातडी काळी पडली किंवा फोड आले, तर रोग्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. तपासणीच्या निकालाची वाट पाहू नये. मधुमेही माणसाच्या पायाची लहानशी जखमही दाखवावी.

हाच जंतू गाई-म्हशींच्या सडांतून शिरून कासदाह करतो. तेव्हा गोठ्यातील उरलेले इंजेक्शन माणसास वा माणसाचे जनावरास टोचू नये, धार काढण्यापूर्वी हात व सड धुवावेत. पशुवैद्याने औषध दिल्यावर त्यांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत त्या जनावराचे दूध डेअरीत घालू नये व घरच्या मुलांनाही देऊ नये.