अँड्रॉइड येते, आता आयफोन

प्रश्न : कॉटलिनमध्ये अँड्रॉइड ॲप करता येतात. आयफोनसाठी शिकायचे, तर पुन्हा श्रीगणेशा करावा लागेल का?

उत्तर : भाषेचा धाक बाळगायचे कारण नाही. ॲपलने २०१४ मध्ये आणलेली स्विफ्ट आणि कॉटलिन सख्ख्या बहिणी नसल्या, तरी चुलत बहिणी नक्की. मूल्य रिकामे असू शकते, हे सांगायला दोघी प्रश्नचिन्हच वापरतात. स्क्रीन रचण्याची रीतही जवळची : २०१९ चे स्विफ्टयूआय ज्याला येते, त्याला अँड्रॉइडचे जेटपॅक कंपोज परके वाटत नाही, उलटही तेवढेच खरे.

ठेच लागते ती मेमरीत. अँड्रॉइडवर नको असलेल्या वस्तू गार्बेज कलेक्टर झाडून काढतो. स्विफ्ट मात्र प्रत्येक वस्तूला किती जणांनी धरले आहे, हे मोजत राहते. दोन वस्तूंनी एकमेकींना घट्ट धरले, की मोजणी शून्यावर येतच नाही आणि दोन्ही मेमरीत अडकून पडतात. म्हणून त्यातला एक संदर्भ ‘वीक’, म्हणजे मोजणीत न धरला जाणारा, ठेवायचा. नवख्यांचा वेळ इथेच जातो, आणि गंमत म्हणजे ॲप वरवर ठणठणीत चालत असते.

खर्चही आहे. आयफोनची ॲप बनवण्याचे साधन, एक्सकोड, फक्त मॅकवर चालते. गुगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलर. ॲपलची दरवर्षी ९९. शिकण्यापुरते मात्र सिम्युलेटर फुकट.

सुरुवात स्वतःच्याच एखाद्या जुन्या, छोट्या अँड्रॉइड ॲपची आयफोन आवृत्ती लिहून करावी. आयफोनला बॅक बटण नसते, एवढे आधी लक्षात घ्यावे.