इंग्रजी उताऱ्यांतील मुख्य विचार कसा ओळखावा?

दहावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेंत पाठ्यपुस्तकाबाहेरील एक उतारा असतो व त्याचा सारांशही लिहावयाचा असतो. त्या वेळीं एक गोष्ट पुष्कळदां आमच्या दृष्टीस पडते. विद्यार्थ्यास बहुतेक शब्दांचे अर्थ येतात. परंतु ‘लेखकास सांगावयाचें तरी काय आहे?’ असें विचारतांच तो स्तब्ध होतो. माळेचे मणी मोजले, पण सूत्र हातीं लागलें नाहीं!

एक उदाहरण घेऊं. समजा, इंग्रजी उताऱ्याचा आशय असा आहे: ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारी परिसरांत भूकंप झाला. अनेक गांवें उद्ध्वस्त झालीं. अन्नवस्त्राची मदत चोहोंकडून आली. तथापि पोट भरलें तरी शाळेवांचून मुलांचें पुढें काय, हा प्रश्न उरलाच. भारतीय जैन संघटनेनें सुमारें १२०० मुलांना शिक्षणासाठीं पुण्याकडे आणिलें. आपल्या वाघोलीचें शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्याच कार्याचें फळ होय.

येथें मुख्य विचार कोणता? एक म्हणेल, ‘भूकंप’. हा विषय झाला, विचार नव्हे. दुसरा म्हणेल, ‘किल्लारीस पहाटे भूकंप झाला.’ हें खरें, परंतु तो केवळ एक तपशील. तिसरा म्हणेल, ‘संकटांत मदत करावी.’ हें अतिव्यापक. त्यांत शाळेचा मागमूसही नाहीं. चौथा म्हणेल, ‘आपत्तींत सांपडलेल्या मुलांना अन्नवस्त्राइतकीच शिक्षणाचीही गरज असते.’ हेंच योग्य उत्तर. तारीख, गांवें, संख्या हीं सर्व या एका वाक्याच्या चाकरीस आहेत.

यावरून तीन नियम निघतात. पहिला: कठीण शब्दापाशीं न अडतां उतारा एकदां अखेरपर्यंत वाचावा, मग विषय कोणता व त्याविषयीं काय सांगितलें आहे, याचें उत्तर एका पूर्ण वाक्यांत द्यावें. दुसरा: ‘बट’, ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’ हे शब्द दिसतांच सावध व्हावें, लेखक पुष्कळदां तेथेंच वळण घेतो. वरील उताऱ्यांत ‘तथापि’नें हेंच काम केलें. ‘फॉर एक्झाम्पल’च्या पुढें मात्र बहुधा दृष्टांत असतो. तिसरा: आपलें उत्तर पारखावें. उताऱ्यांतील अर्धीं वाक्यें त्याच्या बाहेर राहिलीं, तर तें संकुचित. तें कोणत्याही दुसऱ्या उताऱ्यास शोभत असेल, तर तें फार सैल.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांत हरवलेलें मेंढरू, हरवलेलें नाणें व हरवलेला पुत्र असे तीन दृष्टांत आहेत. वस्तु तीन, परंतु हरवलेलें सांपडल्याचा आनंद तिहींत एकच. मेंढरें शंभर होतीं एवढेंच ज्यानें ध्यानांत ठेविलें, त्यानें गोष्ट ऐकली. तिचा अर्थ मात्र त्याच्या हातून निसटला.

पालकांस आमची विनंति आहे, कीं आपणांस इंग्रजी येत नाहीं म्हणून माघार घेऊं नये. मुख्य विचार कोणत्याही एका भाषेची मिरास नव्हे. रात्रीं जेवणानंतर मुलास म्हणावें, ‘बाळ, आज वाचलेलें एका वाक्यांत मराठींत सांग,’ आणि लागलीच विचारावें, ‘हें कशावरून?’ या दुसऱ्या प्रश्नांतच खरें शिक्षण आहे. कारण त्याचें उत्तर देण्यास मुलास पुनः उताऱ्याकडे जावेंच लागतें.

ही विद्या केवळ गुणांसाठीं नव्हे. वाघोलीच्या शेतांच्या जागीं आज उंच इमारती उभ्या आहेत. उद्यां आपल्या मुलांच्या हातीं इंग्रजींतील करारनामा, बँकेचें पत्र किंवा औषधाची सूचना येईल. उत्तरपत्रिकेंत मुख्य मुद्दा चुकला तर दोन गुण जातात. करारनाम्यांत चुकला तर घर जाऊं शकतें. म्हणून, विद्यार्थ्यांनो, सही करण्यापूर्वीं अर्थ विचारण्याची संवय आजच्या उताऱ्यापासूनच लावून घ्या.