परभाषा आणि प्रतिपादन : ‘ख्रिस्तपुराणा’च्या संदर्भात

परभाषा आत्मसात करणे म्हणजे केवळ शब्दसंग्रह वाढविणे नव्हे. श्रोत्याला कोणत्या रूपातील कथन विश्वसनीय वाटते, हे ओळखणेही त्यात येते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. लिस्बनहून १५७९ साली गोव्यास पोचलेल्या या इंग्रज जेझुइटाने सासष्टीत दीर्घकाळ वास्तव्य केले. तेथील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. पुराणश्रवणाची ओढ मात्र उरली होती. १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ या ओढीलाच उद्देशून आहे. बायबलमधील कथा त्यांनी सुमारे ११,००० ओव्यांत मांडली आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द स्वीकारला. ही केवळ शैलीची सोय मानणे उथळपणाचे ठरेल. ‘वैकुंठ’ म्हणताच श्रोत्यापुढे विष्णुलोक उभा राहतो; नवा अर्थ रुजविण्यासाठी लेखकाला जुन्या अर्थाचे ऋण घ्यावे लागते. प्रतिपादन श्रोत्याच्या भाषेत जितके मुरते, तितका प्रतिपादकही तिच्या अधीन होतो. (सत्ता पाठीशी असताना केलेली ही मनधरणी निखळ युक्तिवाद नव्हे, हे अर्थातच विसरता येत नाही.) स्टीफन्स यांच्या पश्चात, १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याची सक्ती केली. श्रोत्यालाच आपल्या भाषेत ओढणारे हे धोरण ‘ख्रिस्तपुराणा’च्या नेमके उलट होते.