लाकडी ठोकळे आणि नगर

नगर म्हणजे केवळ घरांचा समूह नव्हे. घरे, रस्ते, पाणी आणि मोकळी जागा यांचा मेळ म्हणजे नगर. या मेळाची पहिली ओळख मुलांना खेळातूनही होऊ शकते.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांच्या बालशिक्षणाच्या साधनांत आठ लहान घनांत विभागलेला एक लाकडी ठोकळा असे. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुविशारदास 1876 साली आईने अशी साधने आणून दिली. त्यांचा संस्कार आपणावर कायम राहिला, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे 1935 साली त्याने एका कल्पित नगराची 12 फूट लांब-रुंद प्रतिकृती प्रदर्शनात मांडली.

हा खेळ रायपूरच्या शाळेतही सहज मांडता येईल. तेथील जुनी वस्ती बूढा तालाबासारख्या तलावांच्या आश्रयाने वाढली. 2000 साली छत्तीसगड राज्याची ती राजधानी झाल्यावर जुन्या शहराच्या आग्नेयेस नवा रायपूर हे नगर आधी आराखडा करून वसविण्यात आले.

जमिनीवर खडूने तलाव, उतार व रस्ते काढावेत आणि त्यांभोवती ठोकळ्यांची घरे मांडावीत. मग तलावाच्या जागी आणखी एक घर ठेवून पाहावे. आता पावसाचे पाणी कोठे जाईल? हा प्रश्न ज्या मुलास पडला, त्यास नगर समजू लागले.