कॅटलॉगात नोंद लिहिताना

खारबाव, ता. भिवंडी

चि. बाळ यास,

लिलावाच्या कॅटलॉगात कांस्यमूर्तीची नोंद लिहायचं काम तुझ्याकडे आल्याचं ताईने सांगितलं. तुझा मजकूर वाचला. मुद्रा, त्रिभंग, ‘मनोहारी स्मित’, सगळं आहे. मूर्ती कुठून आली ते मात्र ‘एका खाजगी संग्रहातून’ एवढ्यावरच आटोपलंस. नोंदीचं खरं काम तिथे सुरू होतं, बाबा.

आपल्याच लाइनच्या टोकाचं सांगतो. वसईला उतरून पुढे एक स्टेशन गेलं की नालासोपारा. तिथल्या बुरूड राजाच्या कोटात पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली स्तूप खणला. दगडी पेटीत मधोमध तांब्याचा करंडा आणि भोवती धातूच्या आठ बैठ्या मूर्ती: सात बुद्ध, आठवा मैत्रेय. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. नाणं दुसऱ्या शतकाच्या आसपासचं आणि मूर्ती घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या! म्हणजे मधल्या काळात कुणीतरी स्तूप पुन्हा उघडून, जुनं तसंच ठेवून, या मूर्ती आत बसवल्या असाव्यात. पंडितांनी काय कुठे होतं ते टिपून ठेवलं आणि तो ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत एकत्र राहिला, म्हणून हे कळतं. त्याच मूर्ती सुट्या विकल्या गेल्या असत्या तर आठ गिऱ्हाइकांना आठ सुबक बुद्ध मिळाले असते, बाकी काही नाही.

तामिळनाडूतल्या पाथूरला १९७६ साली जमिनीतून निघालेला नटराज असाच लंडनच्या बाजारात पोचला होता, तोही बनावट पूर्वेतिहास घेऊन. खटला चालला तेव्हा त्याला चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा त्याच जागी सापडलेल्या इतर मूर्तींशी ताडून पाहिल्या गेल्या. १९९१ साली तो भारतात परतला. चिकटलेली माती हाही पुरावा असतो, म्हणून कुणी ‘जरा चकचकीत करून द्या’ म्हणालं, तर हात लावू देऊ नकोस.

कायदा तुला पाठ असेलच. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी धातुमूर्ती नोंदवावी लागते, विक्रेत्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. नोंदणीचा कागद नुसता आहे का हे विचारून थांबू नकोस. त्यावरच्या फोटोतला झिजलेला कोपरा, पीठाची चीर हातातल्या मूर्तीशी जुळते का, ते बघ. हिरवा गंज आम्ल लावूनही आणतात. मूर्ती उलटी करून पोकळीत ओतकामाची माती उरली आहे का पाहा, हातावर तोलून बघ.

लिलावाला मी नावं ठेवत नाही. २०२५ साली रघुजी भोसल्यांची तलवार आपल्या सरकारने लंडनच्या लिलावातूनच मिळवली. कॅटलॉग उघड छापला जातो, म्हणून तर अशा वस्तू नजरेला पडतात. त्या उघडेपणात तुझी नोंदही धरली जाते.

कोणत्या साली कोणाकडे होती, ते कागदानिशी लिही. पुरावा नसलेली वर्षं रिकामी सोड आणि ती रिकामी आहेत असं छाप. साहेब कुरकुरतील. मग त्यांना सांग की नोंदीखाली माझं नाव घालू नका. सुधारलेला मसुदा रविवारच्या आत पाठव, कागदपत्रांच्या प्रतींसह. नुसतं वर्णन पाठवलंस तर वाचणार नाही.

तुझा,
मामा