रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल, मग अर्धशिशी का उठते?

प्रश्न : मी चाळिशीतली, मुलुंडला राहते. महिन्यातून तीन-चारदा अर्धशिशी उठते. मळमळतं, उजेड सहन होत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, अंगात मॅग्नेशियम कमी असणार. लॅबच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये ते 1.9 आलं, म्हणजे नॉर्मल. तरी गोळ्या घ्याव्यात का? झिंक, कॉपरही तपासून घेऊ का?

उत्तर : तुमचा रिपोर्ट बरोबर आहे आणि काकूंची शंकाही अगदीच निराधार नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत आणि बाकीचं बहुतेक स्नायूंत व इतर पेशींत. लॅबमध्ये मोजतात त्या सीरममध्ये एक टक्काही नसतं. खिशातले सुटे पैसे मोजून बँकेतली ठेव कळत नाही, तसं हे आहे. शिवाय सीरममधली पातळी ढळू नये म्हणून शरीर हाडांतून भर घालतं आणि किडनी लघवीवाटे जाणारं मॅग्नेशियम अडवून धरते. साठा घटत असला तरी 1.9 हा आकडा तसाच राहू शकतो. रक्त काढताना नळीत तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं मॅग्नेशियम सीरममध्ये उतरतं आणि आकडा आहे त्याहून चांगला दिसतो, हेही लक्षात ठेवा.

अर्धशिशीशी त्याचा संबंध मेंदूत जुळतो. चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या एका प्रकारच्या ग्राहींना मॅग्नेशियम अडवून धरतं. ते कमी पडलं की पेशी लवकर पेटतात. ब्राझीलच्या आरिस्तिदेस लेआओ यांनी 1944 साली सशाच्या मेंदूत एक संथ लाट सरकताना नोंदवली. मिनिटाला जेमतेम 3 मिलिमीटर तिचा वेग. डोकं दुखण्याआधी काहींना डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, त्यामागे हीच लाट असते असं आज मानतात. मॅग्नेशियम कमी असलं की ही लाट सहज सुरू होते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. न्यू यॉर्कच्या अलेक्झांडर मॉस्कॉप यांनी 1990 च्या दशकात झटका चालू असतानाच रुग्णांचं रक्त तपासलं. जवळजवळ निम्म्या जणांत मुक्त, म्हणजे आयन रूपातलं मॅग्नेशियम कमी निघालं. नेहमीच्या पॅकेजमध्ये ते मोजत नाहीत.

मग गोळीचा उपयोग होतो का? 1996 साली जर्मनीत 81 रुग्णांवर चाचणी झाली. रोज 600 मिलिग्रॅम मॅग्नेशियम घेणाऱ्यांचे झटके तिसऱ्या महिन्यात सुमारे 42 टक्क्यांनी घटले, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे 16 टक्क्यांनी. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत मात्र काहीच फरक पडला नाही. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली मॅग्नेशियमला ‘बहुधा उपयोगी’ या गटात ठेवलं, आणि मला ते रास्त वाटतं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिने गोळी घेऊन पाहण्यात अर्थ आहे. आधी क्रिएटिनिन मात्र तपासाच. किडनी कमजोर असेल तर मॅग्नेशियम अंगात साचून धोका होतो. जुलाब लागले तर डोस जास्त होतोय असं समजा.

झिंक, कॉपरवर पैसे घालवू नका. त्यांच्याबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, आणि आकडा हातात आला तरी उपचार बदलत नाही. लोहाची गोष्ट वेगळी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहाची कमतरता आणि स्त्रियांची अर्धशिशी यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. कोणतं कोणामुळे, हे ठरलेलं नाही. पण पाळी जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन करून घ्या. रक्तक्षयावर उपचार त्याच्या स्वतःच्या कारणासाठीही हवेतच.

अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे का? पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम खरोखर उतरू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2011 साली तसा इशारा दिला होता. सकाळी उपाशीपोटी गोळी घेऊन लोकल गाठणाऱ्या आपल्या उपनगरांत हा प्रश्न हटकून विचारायला हवा.

आरओच्या पाण्याने खनिजं जातात, ही भीती मात्र फार बाळगू नका. भांडुपहून येणारं पालिकेचं पाणी तलावांचं, मुळातच मृदू. खरा पुरवठा ताटातून होतो. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 146 मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ज्वारीत 133, बाजरीत 124, आणि पॉलिश केलेल्या तांदळात फक्त 19. संकष्टीला साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि शेंगदाणे खाल्ले तर उपवासही चांगला निभतो. पण दिवसभर पोट रिकामं ठेवू नका. चुकलेलं जेवण आणि अपुरी झोप यांनी कित्येकांची अर्धशिशी उठते.

अर्धशिशीचं निदान रक्ताने होत नाही, तुमच्या सांगण्यावरून होतं. तेव्हा रिपोर्टच्या फाइलबरोबर एक वही न्या. झटक्याची तारीख, किती तास टिकला, पाळीचे दिवस आणि त्या दिवशी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या तिच्यात लिहा. साधी वेदनाशामक महिन्यात 15 दिवस किंवा मिश्र गोळ्या 10 दिवस घेणं महिनोन्‌महिने चाललं, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. एकाएकी कधी नव्हे असं प्रचंड दुखलं, तापाबरोबर मान आखडली, हातापायातली ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं, तर वही, रिपोर्ट काही न शोधता सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.