त्या पोराला जवळ बोलाव

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो असतो तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितो आहे. परवा पलूसला बँकेत एक गृहस्थ भेटले. त्यांचा पुतण्या तुमच्या चाकणच्या कारखान्यात शिकाऊ आहे, आयटीआय झालेला. तक्रार अशी त्यांनी केलीच नाही. एवढंच म्हणाले, "रविवारी एसटीची वेळ झाली की पोरगं भरल्या ताटावरून उठतं." खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्याच्या हातून जॉब बिघडला आणि तू तोच जॉब त्याच्या हातात देऊन त्याला सगळ्या पाळीसमोर तासभर उभं केलंस. खरं आहे का हे?

खोटं असेल तर पत्र फाडून टाक. पण मला ते खरंच वाटतंय. हा राग आपल्या घरातलाच आहे. विहिरीवर आप्पांनी थोरल्या दादाला काय केलं ते घरात कोणी बोलत नाही, पण विसरलंही नाही.

मीही तेच केलंय. १९७८ साली चिंचवडला एका कारखान्यात नुकताच सुपरवायझर झालो होतो. लेथवरच्या एका पोराने बुशचा बोअर मोठा केला. बोअर लहान राहिला तर पुन्हा कापता येतो, मोठा झाला की जॉब भंगारात. मी त्याला बुश हातात धरून जेवणाच्या सुट्टीपर्यंत शॉपच्या दारात उभं केलं. येणारेजाणारे हसत होते आणि मला वाटत होतं, शिस्त लागली. दोन महिन्यांनी त्याच पोराच्या लक्षात आलं की त्याचा गेज झिजलाय. तो बोलला नाही. अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. का नाही सांगितलंस, विचारलं तर म्हणाला, "साहेब, परत उभं केलं असतंत." दुसऱ्या दिवशीपासून आलाच नाही. त्याचं गाव दोन तासांवर होतं. मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत सगळी नोकरी संपली. बोटं फार चांगली होती रे त्याची, मायक्रोमीटर असा हलक्या हाताने फिरवायचा.

म्हणून तुझ्याकडच्या त्या पोराचं ऐकल्यापासून मला झोप नाही.

आप्पा तुला सायकलवर पुढे बसवून किर्लोस्करवाडी दाखवायला न्यायचे, आठवतं? १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे आले तेव्हा नुसता निवडुंगाचा माळ होता, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेला. तुरुंगातून सुटून आलेली माणसं त्यांनी कारखान्याच्या राखणीला ठेवली. ज्यांना गाव दारात उभं करत नव्हतं त्यांच्या हाती रात्रीचा कारखाना! मुंबईला शिकवण्याच्या नोकरीत बढती डावलली गेल्याचा अपमान त्यांनी स्वतः अनुभवला होता. माणसाला कमी लेखलं की त्याचं काय होतं, ते त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

तुमच्या ट्रेनिंगमध्ये टोयोटाची दोरी शिकवली असेलच. लाइनवरचा साधा कामगारही गडबड दिसली की ती ओढतो आणि टीम लीडर मदतीला धावतो. गुणवत्तेवरच्या डेमिंगच्या चौदा मुद्द्यांतला आठवा मुद्दाही पाठ असेल, कामाच्या जागेवरून भीती घालवा म्हणून. भिंतीवर त्याचे बोर्डही लावले असतील तुम्ही. पण त्या तासभरात सगळी पाळी काय शिकली? आता चूक झाली तर कोण सांगेल तुला?

फार बोललो. रिजेक्शन वाढलंय, वरून रोज दट्ट्या बसतो, दोन-दोन पाळ्या थांबतोस, हे ताईने सांगितलं. त्या दिवशी तुझ्याही पोटात काही नसेल. तू दुष्ट नाहीस रे. शाळेत असताना पंख तुटलेला पारवा खोक्यात घालून आठ दिवस उशाशी ठेवला होतास, तो तूच.

त्या पोराला जवळ बोलाव. साहेबाच्या केबिनमध्ये नको, त्याच्या मशीनपाशीच जा. चुकलो म्हण, आणि म्हणताना ऐकायला चार माणसं असू देत, उभं केलंस तेव्हा होती तशी. मग तो जॉब त्याच्याबरोबर एकदा तू स्वतः कर.

हुरडा आलाय. मामी रोज विचारते, बाळ कधी येणार. त्या पोरालाही आण, त्याचं गाव वाटेवरच आहे. माझा जुना मायक्रोमीटर तेल लावून ठेवलाय, तो तुझ्यासाठीच. आणि रात्रपाळी करून गाडी चालवत येऊ नकोस, झोप काढून नीघ. उशीर झाला तरी मी जागा असतो.

तुझा,
मामा